रात्री न जेवणारी गाडी

घड्याळात पाच वाजले की तांडा थांबतो. समोर गाव असो वा नसो, पाणी असो वा नसो, सावलीचे एखादे झाड तरी असो वा नसो. थांबण्याजोगी जागा शोधण्यासाठी फार तर दहा मिनिटांची सवलत मिळते, आणि तीही उसनी असते; दुसऱ्या दिवशी तितकीच मिनिटे उशिरा निघून ती फेडावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, लाल मातीच्या आणि काटेरी गवताच्या त्या अफाट ओसाडीत, रस्त्याच्या कडेला वीस-पंचवीस तरुण मुले-मुली गाड्यांतून उतरतात आणि धावतच एका चपट्या, पंखासारख्या वाहनाकडे जातात. कोणी तंबू सोडत नाही, कोणी चूल पेटवीत नाही. आधी त्या वाहनाच्या पाठीवरचा सौर तक्त्यांचा पत्रा उचलून मावळतीकडे तिरका धरायचा, आणि मग सूर्य क्षितिजाला टेकेपर्यंत त्याचा कोन बदलत राहायचा. माणसांचे जेवण त्यानंतर, अंधारात. गाडीचे मात्र सूर्यास्तापूर्वी. सूर्य बुडाला की तिला कण मिळत नाही आणि सूर्य उगवेपर्यंत ती काही मागतही नाही.

रात्रिभोजनत्यागाच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या वाचकांना हे दृश्य सांगितले की ओठांवर हसू येणारच. हसण्यापलीकडेही त्यात पाहण्यासारखे बरेच आहे, म्हणून हा लेख.

ही शर्यत म्हणजे ‘वर्ल्ड सोलर चॅलेंज’. उत्तरेच्या किनाऱ्यावरील डार्विनपासून दक्षिणेच्या किनाऱ्यावरील ॲडलेडपर्यंत, सुमारे तीन हजार किलोमीटर, केवळ उन्हावर चालणाऱ्या गाड्यांची. तिचा जनक हान्स थोल्स्ट्रप हा डेन्मार्कमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला एक साहसी गृहस्थ. १९८२ च्या डिसेंबरात त्याने आणि शर्यतपटू लॅरी पर्किन्सने ‘क्वाएट अचीव्हर’ नावाची, न्हाणीघरातल्या टबाला चाके लावावीत तशी दिसणारी सौरगाडी पश्चिमेच्या पर्थहून पूर्वेच्या सिडनीला नेली. चार हजारांहून अधिक किलोमीटरचे ते अंतर कापायला वीस दिवस लागले. पाच वर्षांनी, १९८७ साली, त्याने जगाला आव्हान दिले आणि पहिली शर्यत भरली. अमेरिकेच्या जनरल मोटर्सची ‘सनरेसर’ तासाला सुमारे ६७ किलोमीटर या सरासरीने जिंकली. पुढे १९९० मध्ये स्वित्झर्लंडच्या बील येथील अभियांत्रिकी शाळेच्या विद्यार्थ्यांनी ‘स्पिरिट ऑफ बील’ घेऊन पहिले येण्याचा पराक्रम केला. नंतर होंडासारख्या मोठ्या कंपनीनेही दोनदा बाजी मारली. परंतु गेल्या पाव शतकात हा रस्ता विद्यार्थ्यांचाच झाला आहे. नेदरलँड्सच्या डेल्फ्टची ‘नूना’, जपानच्या तोकाई विद्यापीठाची गाडी, बेल्जियमचे ल्यूव्हेन, अमेरिकेचे मिशिगन ही नावे तेथे घराण्यांच्या नावांसारखी घेतली जातात.

घराणे म्हणण्याचे कारण असे की गाडी दर खेपेला नवी आणि माणसेही बहुतेक नवी. डेल्फ्ट, ल्यूव्हेन येथील मुले एक वर्ष शिक्षण बाजूला ठेवून गाडी घडवतात, एकदा हा रस्ता पार करतात आणि आपली वही पुढच्या तुकडीच्या हाती देऊन मोकळी होतात. डेल्फ्टच्या मुलांना २००१ पासून वूबो ऑकल्स यांचे मार्गदर्शन लाभले. ते नेदरलँड्सचे पहिले अंतराळवीर. पृथ्वी वरून पाहिलेला हा माणूस २०१४ मध्ये निवर्तला. तोवर त्यांच्या मुलांनी पाच वेळा पहिला क्रमांक मिळवला होता.

आता हिशेबाकडे वळू, कारण या प्रवासातील प्रत्येक सुखदुःख त्या हिशेबातून निघते. २०१९ च्या नियमांनुसार एकट्या चालकाच्या गाडीवर साध्या सिलिकॉनच्या सौर तक्त्यांचे क्षेत्र चार चौरस मीटर, म्हणजे घरातल्या एका मोठ्या पलंगाएवढे. भर दुपारी त्यातून मिळणारी शक्ती हजार वॅटच्या आसपास. आपण कपड्यांवर फिरवतो त्या विजेच्या इस्त्रीला तेवढी लागते. या एका इस्त्रीच्या शक्तीवर माणसासह गाडी तासाला ऐंशी किलोमीटरहून अधिक वेगाने शेकडो मैल न्यायची. सोबत बॅटरी असते; पण त्या नियमांत तिचे वजन वीस किलोंवर बांधलेले होते, आणि तेवढ्यात साधारण पाच युनिट वीज मावे. विजेचे बिल पाहणाऱ्या प्रत्येक गृहिणीला पाच युनिट म्हणजे किती, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून काटकसर. गाडीचे वजन चालकाशिवाय दीडशे-दोनशे किलोंच्या आत राखण्यासाठी एकेक खिळा तोलला जातो. चालकालाही नियम आहे: तो ऐंशी किलोंचा धरलेला, कोणी सडपातळ असेल तर उरलेल्या वजनाची पिशवी त्याच्याबरोबर ठेवावी लागते, जेणेकरून कृश माणसाला फुकटचा लाभ नको. तीन हजार किलोमीटरच्या प्रवासाला निघताना ‘हे हवेच का?’ असा प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारणारी माणसे आपल्याला अनोळखी नाहीत. पिंछी आणि कमंडलू एवढ्यावर आयुष्य काढणारे मुनी आपण पाहिले आहेत. तुलना इथेच थांबवलेली बरी: मुनींचा त्याग मोक्षासाठी, या मुलांचा पहिल्या क्रमांकासाठी. एकाला जिंकायचे आहे, दुसऱ्याला जिंकण्याची इच्छाच सोडायची आहे.

तथापि विहार करणाऱ्या संघाबरोबर ज्यांनी चार पावले टाकली आहेत, त्यांना या तांड्याची रचना चटकन कळेल. सर्वांत पुढे, कित्येक किलोमीटर आघाडीवर, एक टेहळणीची गाडी. आकाशात ढग कोठे आहेत, वारा कोणत्या बाजूचा, रस्त्यावर काही मेलेले जनावर पडले आहे का, गुरे आडवी आली आहेत का, हे ती मागे कळवते. आपल्याकडे चौक्याची गाडी पुढच्या मुक्कामी आधी पोहोचते, तशी. मग रस्ता मोकळा करणारी गाडी, तिच्यामागे सौरगाडी, आणि तिला पाठीशी घेऊन चालणारी एक मोटार. शर्यतीचा खरा मेंदू या मागच्या मोटारीत असतो. दोन-तीन जण संगणकाच्या पडद्यावर डोळे लावून बसलेले; पुढच्या गाडीतील बॅटरीचा प्रत्येक कण, प्रत्येक चाकाची उष्णता त्यांना दिसते. वेग किती ठेवायचा हे चालक ठरवत नाही, हे लोक ठरवतात.

चालकाला काय उरते? एका अरुंद खोबणीत बसून, पन्नास अंशांकडे झुकणाऱ्या उकाड्यात, सांगितलेला वेग सांगितल्याप्रमाणे राखणे. हे वाटते तितके सोपे नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड देण्याची शक्ती घनाने. म्हणजे वेग दहा टक्क्यांनी वाढवला की हवेपोटीचा खर्च तेहेतीस टक्क्यांनी वाढतो. थोडे घाई करून मग थोडे सावकाश, असा हिशेब येथे नेहमी तोट्याचा. सकाळी उत्साहाच्या भरात उडवलेली वीज दुपारी ढगाखाली रडवते. म्हणून उत्तम चालक तो, ज्याच्या गाडीत तासन् तास काहीच घडत नाही. चित्त एकाग्र ठेवून कंटाळा सहन करण्याचे हे काम आहे. आपल्याकडे सामायिकाला बसणाऱ्यांना त्याची अडचण अधिक चांगली कळेल.

आणि मोटारीत एक परका माणूसही असतो: आयोजकांनी नेमलेला निरीक्षक. तो स्वयंसेवक असतो, मानधनासाठी आलेला नसतो. नियम मोडला तर तो नोंदवणार, आणि तरीही त्याच तंबूंच्या शेजारी झोपणार, त्याच भांड्यातले जेवणार. पाहुणा आणि पंच ही दोन्ही नाती एकाच वेळी सांभाळणे किती अवघड, हे आपल्याकडच्या कोणत्याही पंचकल्याणकाच्या हिशेबतपासनीसाला विचारावे.

रस्ता म्हणजे स्टुअर्ट महामार्ग. १८६१-६२ मध्ये हे खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडणाऱ्या जॉन मॅक्डूअल स्टुअर्टचे नाव त्याला आहे. नकाशावर या रस्त्यावरची गावे ठळक दिसतात. प्रत्यक्षात डनमारा म्हणजे एक पेट्रोलपंप, एक खानावळ, थोड्या खोल्या. कॅथरिन, टेनंट क्रीक, ॲलिस स्प्रिंग्ज, कूबर पीडी, पोर्ट ऑगस्टा अशा ठिकाणी सक्तीचे थांबे असतात, प्रत्येकी अर्ध्या तासाचे. त्या वेळात गाडीची दुरुस्ती करायला मनाई. ऊन घ्यायला मुभा. ॲलिस स्प्रिंग्ज हे साधारण मध्य. तिथे पोहोचेपर्यंत डार्विनची दमट हवा संपते आणि कोरडे वाळवंट सुरू होते. कूबर पीडीत ओपलच्या खाणी आहेत आणि उन्हाळा असह्य म्हणून कित्येक लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. सूर्यावर जगणारी गाडी सूर्याला टाळून राहणाऱ्या गावात अर्धा तास उभी राहते, हे मला फार गमतीचे वाटते.

भीती कशाची? सर्वांत आधी ‘रोड ट्रेन’ची. एका इंजिनामागे तीन-तीन डबे जोडलेले ते अवजड ट्रक पन्नास मीटरांहून लांब असतात. समोरून एखादा गेला की त्याच्या पुढची हवा आधी भिंतीसारखी ढकलते आणि मागची पोकळी लगेच ओढून घेते. दोन-तीनशे किलोंच्या पंखाला तेवढे पुरे. म्हणून पुढच्या मोटारीतला सोबती रेडिओवरून ट्रकचालकाला आधीच बोलून ठेवतो आणि मागचा सोबती सौरगाडीच्या चालकाला मोजून सांगतो: आला, आता, गेला. ट्रकचालक हे ऐकतात, जमेल तितके बाजूला होतात.

हे वाचताना मला आपले महामार्ग आठवल्यावाचून राहिले नाही. पहाटेच्या विहारात साधू-साध्वींना वाहनाने धडक दिल्याच्या वार्ता आपण दरवर्षी वाचतो, हळहळतो, शोकसभा घेतो. ईर्यासमिती पाळणारे मुनी चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. मागून येणारा ट्रक पाहण्याचे काम त्यांचे नाही, ते श्रावकांचे. एका यंत्रासाठी पुढे एक, मागे एक गाडी, लुकलुकणारे दिवे आणि ट्रकचालकाशी बोलणारा एक माणूस ठेवायला ही परदेशी मुले कधी चुकत नाहीत. आपल्याकडे काही संघांनी मागे परावर्तक पट्ट्यांची गाडी ठेवायला सुरुवात केली आहे, काही ठिकाणी अजून एका टॉर्चवर भागवले जाते.

दुसरी भीती वाऱ्याची. तिची गोष्ट २०१९ ची आहे. त्या वर्षी ट्वेंटे विद्यापीठाची ‘रेड-ई’ आघाडीवर होती. चौथ्या दिवशी दक्षिण ऑस्ट्रेलियात आडव्या वाऱ्याचा एक झोत आला, गाडी रस्त्यावरून फेकली गेली आणि उलटली. चालकाला इस्पितळात नेले. सुदैवाने गंभीर दुखापत नव्हती. गाडीचे मात्र संपले. वर्षभराचे काम एका झोतात.

मग डेल्फ्टची ‘नूना’ पुढे झाली. सात वेळा जिंकलेले घराणे, आणि शेवटचा दिवस. ॲडलेड सुमारे अडीचशे किलोमीटरवर असताना गाडीने पेट घेतला. चालक वेळेत बाहेर पडला, आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या मुलांना आपली गाडी जळताना पाहावी लागली. चार-साडेचार दिवस ज्या सूर्याचा कण अन् कण जपून बॅटरीत साठवला, त्या साठवणीनेच घात केला.

त्यांच्यामागून येणारे ल्यूव्हेनचे विद्यार्थी त्यांच्या ‘ब्ल्यूपॉइंट’मधून तासाला सुमारे ८६ किलोमीटरच्या सरासरीने पहिले आले. तोकाई दुसरे, मिशिगन तिसरे. बेल्जियमला हा मान पूर्वी कधी मिळाला नव्हता. आनंद झालाच असणार. परंतु पुढच्या दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एक उलटल्यावर आणि एक जळल्यावर मिळालेला पहिला क्रमांक मुखात कसा लागतो, हे त्या मुलांनाच ठाऊक. कोणी म्हणेल, नशीब. मला ते तितके सरळ वाटत नाही. त्याच वाऱ्यातून, त्याच उकाड्यातून त्यांचीही गाडी आली होती. संपूर्ण शर्यतीत आपल्या गाडीला काही न होऊ देणे हेही कर्तृत्वच आहे, फक्त ते छायाचित्रात दिसत नाही.

२०२१ ची शर्यत कोरोनामुळे रद्द झाली. २०२३ मध्ये ल्यूव्हेन पुन्हा पहिले आले, आणि या खेपेस कोणाला नशिबाचे नाव घ्यायचे कारण उरले नाही.

वर्तमानपत्रे पहिल्या तिघांवर थांबतात. रस्त्यावरचे आयुष्य कळते ते मागच्या तांड्यांत. पैसा थोडा, गाडी जेमतेम, डार्विनमध्ये तपासणीच्या वेळी ब्रेक पुरेसे नाहीत म्हणून परत पाठवलेली, दोन रात्री जागून दुरुस्त केलेली. असे संघ तिसऱ्या दिवशीही मध्यापर्यंत पोहोचत नाहीत. ठरलेल्या वेळेत थांबा गाठता येत नाही असे दिसले की गाडी ट्रेलरवर चढवायची, पुढे न्यायची आणि पुन्हा रस्त्यावर उतरवायची. अधिकृत निकालात तो संघ मग मागे पडतो. ट्रेलरवर चढवण्याचा तो निर्णय कोणी घ्यायचा, कधी घ्यायचा, यावर संध्याकाळी वाद होतात, मुले रडतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही गाडीची हार वाटते. पण त्या संघाच्या स्वयंपाक्याला दुसऱ्या दिवशीही पंचवीस माणसांचा नाश्ता सूर्योदयाआधी द्यायचाच असतो, कारण पहाटे उगवतीकडे पत्रा धरायला सगळे हात लागतात.

ते पहाटेचे काम मला संध्याकाळपेक्षा अधिक सुंदर वाटते. थंडी असते, बोलणे कमी असते. पत्रा पूर्वेला तिरका उभा केलेला. कोवळ्या उन्हात तक्ते थंड असतात आणि थंड तक्ता अधिक वीज देतो. प्रत्येक अंश उष्णता वाढली की सिलिकॉनची देण्याची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने उतरते. म्हणून पुढे ऊन तापले की मुले त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारत राहतात. ओसाडीत मैलोन् मैल वाहून आणलेले पाणी माणसांच्या आंघोळीसाठी नसते. ते गाडीच्या अंगावर शिंपडायचे असते. आठ वाजले की पत्रा खाली, चालक आत, आणि तांडा हलतो.

एक गोष्ट मनाला टोचते, ती लपवण्यात अर्थ नाही. इंधन न जाळणाऱ्या या एका गाडीच्या मागेपुढे चार-पाच वाहने तीन हजार किलोमीटर पेट्रोल-डिझेल जाळत जातात, आणि यंत्रे-माणसे सातासमुद्रापलीकडून विमानांनी येतात. वेगाने धावणाऱ्या काचेवर किती जीव आपटत असतील याचा हिशेब तर कोणीच मांडत नाही. आयोजकांचे म्हणणे असे की ही प्रयोगशाळा आहे, आणि येथे शिकलेले अभियंते उद्याची वाहने घडवतात. त्यात तथ्य आहे. २०१३ पासून एकाहून अधिक माणसे नेणाऱ्या व्यवहारी सौरगाड्यांचा निराळा वर्गही ठेवला आहे. आइंडहोव्हेनच्या विद्यार्थ्यांनी त्यात पहिल्याच वर्षी चार आसनांची ‘स्टेला’ आणून बक्षीस नेले. तरी टोचणी राहते. मला वाटते ती राहावी.

आणखी एक योगायोग. पूर्वी ही शर्यत ऑक्टोबरात भरे. २०२५ मध्ये ती ऑगस्टच्या अखेरीस भरली. आपले साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी स्थिर, घरोघरी पर्युषण आणि दशलक्षण पर्वाचे दिवस, आणि त्याच आठवड्यात दक्षिण गोलार्धात हा तांडा रस्त्यावर. तिकडे तेव्हा हिवाळा सरत असतो. दिवस लहान, सूर्य खाली. हिशेब अधिक कडक झाला.

ॲडलेडमध्ये वेळेची मोजणी शहराबाहेरच थांबते. तेथून पुढे रहदारीतून, सिग्नलला थांबत, सौरगाडी सावकाश शहराच्या मध्यावरील व्हिक्टोरिया चौकात येते. तिथे कारंजे आहे. पाच-सहा दिवस ज्यांनी पाणी गाडीसाठी राखले, ती मुले कपड्यांसकट त्या कारंज्यात उड्या टाकतात. पहिले आलेले टाकतात, शेवटचे आलेलेही टाकतात, आणि ट्रेलरवरून आलेलेही. कडेला उभी असलेली गाडी तेवढ्या वेळात, कोणी लक्ष देवो न देवो, आपले ऊन घेत राहते.